ब्रह्मपुरीचा समुद्रदेव आणि रोमचं सोनं

कोल्हापूर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला पाहुण्याला कुठं जायचंय हे विचारावं लागत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरलेले बहुतेक जण अंबाबाईलाच निघालेले असतात. मी "ब्रह्मपुरी" म्हटल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. "घाटावरची टेकडी व्हय? तिथं काय बघायचं, ताई?" त्याचा प्रश्न रास्त होता. तिथं बघायला आता फारसं काही उरलेलं नाही. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, नदीपात्रातली छोटी देवळं, पलीकडे शिवाजी पूल आणि पाठीशी उंचवटा. या उंचवट्याखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं एक श्रीमंत गाव गाडलेलं आहे, आणि त्या गावातल्या कुणाच्या तरी घरी रोमन साम्राज्यातल्या वस्तू होत्या, हे ठाऊक असेल तरच पाय तिथं थबकतात.

मी निघाले होते रोमन सोन्याच्या नाण्यांच्या मागावर. त्या नाण्यांवरची चित्रं मला फार दिवसांपासून ओढ लावून होती. महाराष्ट्रात त्यांचा धागा कुठं सापडतो, हे शोधताना वाट कोल्हापूरला येऊन पोचली. सोनं पाहायला निघालेल्या माणसाच्या हाती इथं प्रथम लागतं ते शिसं, स्फटिक आणि ब्राँझ. पण त्यांच्यामुळेच सोन्याची गोष्ट नीट कळते.

ब्रह्मपुरी पहिल्यांदा बोलली ती १८७७ साली. इथल्या एका जुन्या स्तूपाच्या अवशेषात स्फटिकाचा करंडक असलेली दगडी पेटी निघाली आणि तिच्यावर ब्राह्मी लिपीतला छोटा लेख होता. ब्रह्म नावाच्या कुणी दान दिलं आणि धम्मगुप्तानं ते करवून घेतलं, एवढाच त्याचा मजकूर. त्याच साली टेकडीवर शिशाच्या जुन्या नाण्यांचा साठाही मिळाला. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या जाणकारानं त्या नाण्यांचा अभ्यास केला आणि इतिहासाला ठाऊक नसलेले राजे उजेडात आले. वासिष्ठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर अशी त्यांची नावं. अभ्यासक त्यांना 'कुर' राजे म्हणतात. त्यांच्या नाण्यावर एका बाजूला ताणलेलं धनुष्य आणि बाण आहे, दुसऱ्या बाजूला कमानींवर कमानी रचून केलेला डोंगर आणि शेजारी कठड्यातलं झाड.

या तीन राजांचा क्रम कसा लागला, ही गोष्ट मला फार आवडते. सिवलकुरानं आधीच्या विळिवायकुराच्या नाण्यांवरच आपला छाप मारला आणि पुढं गोतमीपुतानं सिवलकुराच्या नाण्यांवर आपला. खालचा ठसा पुरता बुजला नाही. जुनी अक्षरं नव्या अक्षरांखालून डोकावत राहिली आणि त्यावरून कोण आधी, कोण नंतर, हे ठरलं. ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात 'हिप्पोकुरा' नावाच्या नगराचा आणि तिथल्या 'बलेओकुरोस' नावाच्या राजाचा उल्लेख केला आहे. तो बलेओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं अनेकांचं मत आहे. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच का, यावर मात्र अजून वाद आहे. एवढं खरं, की दूर अलेक्झांड्रियात बसून नकाशाचा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या कानावर दख्खनच्या राजांची नावं पोचत होती.

नावं नुसती पोचत नाहीत. माणसं, माल आणि पैसा यांच्यासोबत ती जातात. त्याचा पुरावा १९४४-४५ मध्ये मिळाला. राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणारे आणि कोल्हापूर संस्थानातले शिलालेख वाचून प्रसिद्ध करणारे प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या प्रयत्नानं ब्रह्मपुरीतून ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा बाहेर आला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या विटांच्या घरांपासून बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्यांपर्यंत, एकावर एक थर लागले. त्यांचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज टेकडीवर उभं राहिलं तर खड्डेही दिसत नाहीत. वाढत्या शहरानं जागा व्यापली आहे.

तिथून भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉलला यायला फार वेळ लागत नाही. ही इमारत १८७० च्या दशकातली, कॅप्टन चार्ल्स मँटच्या आराखड्याची. उंच टोकदार कमानी, काळा दगड आणि भोवती जुन्या झाडांची बाग. नवा राजवाडाही याच मँटच्या आराखड्याचा. कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय ब्रह्मपुरीच्या उत्खननातून जन्माला आलं आणि पुढं या टाऊन हॉलात स्थिरावलं. म्हणजे इथं संग्रहालयासाठी वस्तू जमवल्या गेल्या नाहीत. वस्तू निघाल्या म्हणून संग्रहालय उभं राहिलं.

इथला समुद्रदेव वीतभराहूनही ठेंगणा आहे. ग्रीकांचा पोसायडन, रोमनांचा नेपच्यून. दाट कुरळी दाढी, उघडं पिळदार अंग, एका पायावर भार टाकून सैलसर उभा राहिलेला. एक हात उंच उचललेला आहे. त्या मुठीत कधीकाळी त्रिशूळ होता, तो आता नाही. आपल्याकडच्या मूर्ती पाहत वाढलेल्या डोळ्यांना हे शरीर चटकन वेगळं जाणवतं. आपला शिल्पकार अंगाचा गोलवा आणि श्वास दाखवतो. यानं स्नायू न् स्नायू मोजून घडवला आहे. ही घडण मुळात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या परंपरेतली. रोमनांनी ती उचलली, तिच्या लहान प्रती ओतल्या आणि त्यातली एक सह्याद्री ओलांडून पंचगंगेकाठी आली. मला तिथून हलवेना. समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्याच्या अलीकडे, समुद्राचा देव कुणाला हवा होता? बोटीनं आलेल्या व्यापाऱ्यानं नवस फेडायला जवळ ठेवला असेल, की इथल्या एखाद्या धनिकानं परदेशी कारागिरी म्हणून हौसेनं घेतला असेल?

त्याच साठ्यात इटलीकडचा आरसा होता, ब्राँझची भांडी होती. शिवाय एक गोल चकती आहे. तिच्यावर पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची कथा कोरलेली आहे. राणी कॅसिओपियानं रूपाचा गर्व केला म्हणून समुद्रदेव कोपला, त्यानं राक्षसी जलचर पाठवला, आणि राजकन्या अँड्रोमेडाला खडकाशी बांधून त्याच्यापुढं टाकावं लागलं. पर्सियसनं तिला सोडवलं. कोपणारा देव आणि त्याच्या कोपातून सुटलेली राजकन्या, दोघंही एकाच टेकडीत एकत्र पुरली गेली होती. याच साठ्यात अस्सल इथली एक वस्तूही आहे: माहूत आणि स्वार बसलेला हत्ती. पोसायडनपाशी उभं राहून झालं की या हत्तीपाशी जरूर थांबा. तो इतका सहज, इतका जिवंत आहे की परदेशी मूर्तीनं दिपलेले डोळे जाग्यावर येतात. इथल्या ओतकामाला शिकवणीची गरज नव्हती.

कार्ल खंडालावालांनी १९६० मध्ये 'ललित कला' नियतकालिकात या साठ्यावर सविस्तर लिहिलं आणि पुढं १९९१ मध्ये रिचर्ड डी पुमा या अमेरिकन अभ्यासकानं त्यातल्या रोमन वस्तू वेगळ्या काढून तपासल्या. जगभरात भारत-रोम व्यापारावर लिहिताना कोल्हापूरचं नाव टाळता येत नाही ते यामुळे.

आता सोन्याकडे वळू.

रोमच्या सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. ऑगस्टसच्या काळात त्याचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास होतं. आपल्या सराफी मापात दोन तृतीयांश तोळा. सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका ऑरियसला पंचवीस चांदीचे दिनारियस मिळत. सम्राट नीरोनं इसवी सन ६४ मध्ये वजन कमी करून ते सव्वासात ग्रॅमच्या घरात आणलं आणि चांदीच्या नाण्यात तर सरळ भेसळ केली. नाणं लहान होतं, रुपयाच्या नाण्याहूनही. पण त्या एवढ्याशा चकतीवर जे कोरलं जाई, ते साम्राज्यभर लोकांच्या हातोहात फिरणारं राजपत्रच होतं.

भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांत दोन नमुने सगळ्यात जास्त भेटतात. पहिला ऑगस्टसचा. दर्शनी बाजूला त्याचं मुख, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, भोवती बिरुदावली: देवाचा पुत्र, राष्ट्रपिता. मागच्या बाजूला झगे पांघरलेले दोन तरुण शेजारी शेजारी उभे आहेत, मध्ये दोन ढाली आणि मागे तिरके भाले. हे गायस आणि लुसियस, ऑगस्टसच्या मुलीचे मुलगे. आजोबानं त्यांना दत्तक घेतलं होतं, वारस म्हणून. नाणं पाडायला सुरुवात झाली ती इसवी सनापूर्वी २ मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या टांकसाळीत. इसवी सन २ मध्ये लुसियस वारला आणि दोन वर्षांनी गायस. राजपुत्र गेले, त्यांची नाणी मात्र पुढं कित्येक वर्षं भारताच्या बंदरांत उतरत राहिली. दक्षिणेतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला अडकून वर आलेल्या नाण्यावर हे दोघे अजून तसेच भाले टेकून उभे असतात, राज्य मिळायच्या आशेवर.

या दोघांचा बाप अग्रिपा, ऑगस्टसचा सेनापती. आरमारी लढाया त्यानं जिंकल्या. त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या तांब्याच्या नाण्यावर मागच्या बाजूला कोण असावं? नेपच्यून! एका हातात डॉल्फिन, दुसऱ्या हातात त्रिशूळ. ते चित्र पाहिलं आणि टाऊन हॉलातल्या देवाची रिकामी मूठ आठवली.

दुसरा नमुना टायबेरियसचा. पुढं त्याचं मुख, मागं खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात डहाळी. ती शांतिदेवता असावी की सम्राटाची आई लिव्हिया, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन्ही वाचता येतील अशीच बहुधा ती काढलेली होती. क्लॉडियसच्या नाण्यावर विजयकमान आहे, तिच्यावर ब्रिटन जिंकल्याची दोन शब्दांची नोंद. नीरो गादीवर आला तेव्हाचं नाणं तर वाचूनच अंगावर काटा येतो. सोळा-सतरा वर्षांचा नीरो आणि त्याची आई अग्रिपिना नाण्यावर समोरासमोर, जवळजवळ नाकाला नाक लावून आहेत, बिरुदं आईची. थोड्याच काळात आई मागच्या रांगेत गेली, मग नाण्यावरून पार गेली. इसवी सन ५९ मध्ये नीरोनं तिला मारवलं. त्या घराण्याचा सगळा इतिहास नाण्यांच्या क्रमात वाचता येतो. आपण राजघराण्यांच्या भानगडी बखरीत शोधतो. रोमनांनी त्या धातूवर ठोकून ठेवल्या.

हे सोनं आलं कसं? उत्तर-पश्चिम स्पेनमध्ये लास मेदुलास इथं रोमनांनी पाण्याच्या लोंढ्यानं डोंगर फोडून सोनं काढलं. लियाँला त्याची नाणी पडली. तिथून जहाजानं अलेक्झांड्रिया, नाईलवरून कॉप्टॉस, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरची मायोस होर्मोस आणि बेरेनिके ही बंदरं. जुलैत निघालेलं जहाज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भारताच्या किनाऱ्याला लागे. पहिल्या शतकातल्या एका अनामिक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत भडोच, सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची नावं आहेत. घाटावरच्या पैठण आणि तेर या बाजारपेठाही त्यात आहेत. खाली कोकणातली मेलिझेगारा, बायझँटियन अशीही नावं येतात. काही अभ्यासक त्यांची सांगड जयगड आणि विजयदुर्गाशी घालतात. कोल्हापूरचा माल कोणत्या घाटानं वर चढला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पण फोंडा, गगनबावडा, आंबा या वाटा नकाशावर पाहिल्या, की पंचगंगेचं खोरं सगळ्यांना गोळा करून घेतं हे लक्षात येतं. याच टापूत जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत, कऱ्हाडला आगाशिवची. लेणी असत तिथून तांडे जात.

मिरी, मोती, मलमल, हस्तिदंत यांच्यापोटी रोमचं सोनं इकडे वाहत होतं. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं तक्रार केली आहे की भारत दर साली साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. शंभर सेस्टर्सचा एक ऑरियस. म्हणजे पाच लाख सोन्याची नाणी, साडेतीन टनांहून अधिक सोनं, दर वर्षी. हा आकडा आजच्या अभ्यासकांना जसाच्या तसा मान्य नाही. प्लिनीला रोमन बायकांच्या चैनीवर तोंडसुख घ्यायचं होतं. तरी ओघ मोठा होता, यात शंका नाही.

मग महाराष्ट्रात ती नाणी का दिसत नाहीत? सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला एकोणिसाव्या शतकात रोमन सोन्याची नाणी निघाली, असे तुरळक अपवाद आहेत. मोठे साठे मिळतात ते कोइमतूरच्या परिसरात, केरळात, आंध्रात. समुद्रदेव इथं, आरसा इथं, आणि पैसा मात्र तिकडं, असं कसं?

बऱ्याच जाणकारांना पटलेलं उत्तर असं. दख्खनमध्ये सातवाहन आणि क्षत्रप यांची स्वतःची नाणी जोरात चालत होती. परक्या नाण्याला इथं बाजारात जागा नव्हती. पेरिप्लसमध्येच आहे, की भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी न्यावीत, स्थानिक चलनाशी बदलताना त्यात नफा होतो. बदललेली नाणी पुढं मुशीत जात. नहपान क्षत्रपाची चांदीची नाणी रोमन दिनारियस वितळवून पाडली असावीत, असं मत आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये त्याच्या सव्वातेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. पराभूत शत्रूचा चेहरा न पुसता त्याच्यावरच आपला डोंगर ठोकायचा! नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात एका सुवर्णाचा भाव ३५ कार्षापण दिला आहे. हा सुवर्ण म्हणजे रोमन नाणं की कुषाणांचं, हे नक्की सांगता येत नाही. पण सोन्याचं नाणं इथं हिशेबात होतं, त्याला रोजचा भाव होता.

तमिळ मुलखात उलट परिस्थिती. तिथं मोठ्या मोलाचं स्वतःचं नाणं नव्हतं, म्हणून रोमन नाणं सोन्याची चीप म्हणून जपून ठेवलं गेलं, मडक्यात पुरलं गेलं. ते मडकं विसरलं गेलं म्हणून आज आपल्याला दिसतं. जिथं पैसा खेळता राहिला, तिथं तो उरला नाही.

सोनं वितळलं. चित्र वितळलं नाही. नहपानाच्या नाण्यावर त्याचा चेहरा आहे, बाजूनं पाहिलेला, आणि भोवती ग्रीक लिपीत त्याचंच नाव. परदेशी नाण्याची ही धाटणी इथं रुजली. पुढं सातवाहनांनीही चांदीची मुखनाणी काढली. यज्ञ सातकर्णीचं असं एक नाणं १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं. आणि सगळ्यात मन ओढून घेणारी वस्तू म्हणजे मातीची रोमन नाणी. तेर, तेलंगणातलं कोंडापूर अशा ठिकाणी भाजक्या मातीच्या गोल चकत्या मिळाल्या आहेत. खऱ्या नाण्याचा ठसा घेऊन केलेल्या, टायबेरियससारखं मुख असलेल्या, वर ओवायला भोक किंवा कडी असलेल्या. ज्याला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, त्यानं मातीचा सम्राट गळ्यात घातला. कदाचित वर सोन्याचा मुलामाही असेल. टायबेरियस कोण, हे तो घालणाऱ्या बाईला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कडेची लॅटिन अक्षरंही कारागिराला वाचता येत नव्हती. पण चेहरा असलेली गोल, चमकणारी वस्तू शोभते, हे दोघांना पुरेपूर ठाऊक होतं. तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नका.

दुपारी मी महाद्वार रोडवरून गुजरीत गेले. कोल्हापुरी साज, ठुशी, चिताक, मोहनमाळ. काचेआड सगळं पिवळंधमक. मला पाहायची होती पुतळ्यांची माळ. एका जुन्या पेढीवर वयस्कर सराफ बसले होते. "बसा की. जुनी दाखवू, का नव्या घडणीची?" म्हणत त्यांनी लाल मखमलीवर एक माळ पसरली. पातळ, गोल चकत्या, प्रत्येकीला वर बारीक कडी, रेशमी गोफात ओवलेल्या. चकतीवर उभी पुसट आकृती आणि कडेला अक्षरांसारख्या रेघा.

या पुतळीचं मूळ व्हेनिसमध्ये आहे. तिथं १२८४ साली सोन्याचं डुकाट निघालं, आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत, पाचशे वर्षं, त्याचं साडेतीन ग्रॅम वजन आणि सोन्याचा कस जवळजवळ बदलला नाही. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकून ध्वज घेणारा व्हेनिसचा शासक, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या प्रभावळीत उभा ख्रिस्त. अरबी समुद्रावर या नाण्याला डोळे झाकून घेत. इथल्या कारागिरांनी त्याच्या नकला पाडल्या, नकलांच्या नकला पाडल्या, आणि हळूहळू लॅटिन अक्षरांच्या रेघा झाल्या. मराठी घरात ती लक्ष्मी होऊन राहिली. अंबाबाईच्या दागिन्यांतही मोहरांच्या माळेसोबत पुतळ्यांची माळ आहे.

भोक पाडलेला टायबेरियस आणि कडी लावलेला संत मार्क यांच्यात बाराशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. पण सोन्याचं परदेशी नाणं आलं की ते गळ्यात घालायचं, ही या मातीची रीत तीच राहिली.

मी सराफांना पुदुकोट्टईच्या नाण्यांचं छायाचित्र दाखवलं. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या त्या संस्थानात ५०१ ऑरियसांचा साठा मिळाला. दहापैकी नऊ नाण्यांवर छिन्नीचा घाव आहे, आणि तो नेमका सम्राटाच्या चेहऱ्यावर. गालातून, मानेतून आरपार. हे का केलं, यावर शंभरेक वर्षं चर्चा चालू आहे. काही म्हणतात, आत हलका धातू आहे का हे पाहायला. काही म्हणतात, हे नाणं आता चलन नाही, नुसतं सोनं आहे, हे ठरवायला.

सराफांनी भिंग लावून फोटो पाहिला. मग मखमलीखालून काळा कसाचा दगड काढला, माझ्याच अंगठीची कड त्यावर हलकेच ओढली आणि उमटलेली पिवळी रेघ दाखवली. "सोनं बघायला एवढं पुरतंय. लईच शंका आली तर कडेला कानस मारायची. तोंडावर घाव कोण घालंल? हे कस बघितल्याचं न्हाई, ताई. हे त्याला बाद केलंय."

हे मत पुराव्यानं सिद्ध झालेलं नाही. पण रोज सोनं हाताळणाऱ्या माणसाचं ते मत आहे, आणि मला ते सगळ्यांत पटलं. त्या घाव घातलेल्या नाण्यांत बरीचशी झिजलेली आहेत, हीही गोष्ट त्याला जोड देते. झिजून वजन घटलेलं नाणं पुन्हा नगावर चालू नये, तोलूनच विकलं जावं, म्हणून त्याचा मान काढून घेतला असावा.

मी उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी खेड्यातली माणसं पाया खणताना, विहीर काढताना मिळालेलं जुनं नाणं घेऊन येत. मागचापुढचा विचार न करता ते मुशीत जाई आणि त्याचे मणी होत. "आम्हाला तरी कुठं कळत हुतं?" ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही, पण पोटात कालवलं. महाराष्ट्रात रोमन सोनं कमी दिसतं त्याला सातवाहनांची टांकसाळ कारण आहे, हे खरं. गेल्या दीडदोनशे वर्षांतल्या मुशी किती कारण आहेत, ते कोण मोजणार? ब्रह्मपुरीचे ब्राँझ वाचले ते कुंदनगारांसारखा माणूस जागेवर होता म्हणून.

कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर टाऊन हॉलला तासभर द्या. लहान मुलं सोबत असतील तर हत्तीपासून सुरुवात करा. आणि घराचा पाया, शेततळं, विहीर खणताना जुनं नाणं, मूर्ती, भांडं असं काही हाती लागलं तर ते घासू नका, चिंच लावू नका, सराफाकडे नेऊ नका. मडक्यात असेल तर मडक्यासकट तसंच ठेवा, कारण किती नाणी कशासोबत होती यावरच त्यांचा काळ ठरतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची अशी वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि कायद्यात सापडणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे. तहसील कचेरीत कळवा, जवळच्या संग्रहालयात कळवा, पण कळवा.